लाल बाटलीखालचा मुकादम

"शालन, हात पूस आणि इकडं ये," अण्णांनी मागच्या दारातून हाक मारली. "आधी हात पूस. कागदाला पीठ लागेल."

परातीतली कणीक तशीच टाकून मी गेले. अण्णा म्हणजे माझे सासरे, आजऱ्याच्या हायस्कुलातले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. धुण्याच्या दगडावर बसून त्यांनी मांडीवरची फळी माझ्याकडे वळवली. फळीला लावलेल्या कागदावर सदाफुलीचं फूल होतं आणि फुलापुढे अधांतरी थांबलेला एक इवलासा जीव. पंख धूसर, नुसते हलल्यासारखे. लांब चोच फुलात घातलेली. शेपटीशी छोटासा झुबका. सगळं शिसपेन्सिलीचं काम, पण फुंकर मारली तर उडून जाईल असं.

"काय आहे, सांग."

"पक्षी?"

"नुसता पक्षी? अगं, हमिंगबर्ड! आज तिसऱ्यांदा आला. जुईच्या खिडकीत येतो ना, तोच. आपल्या परड्यात!"

मी वाकून नीट पाहिलं. गडहिंग्लजच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं होतं. लग्नानंतर त्या विद्येचा उपयोग बाजारातली मासळी ताजी की शिळी हे ओळखण्यापुरताच उरला होता, तरी डोळा अगदीच मेला नव्हता. त्या जिवाच्या डोक्यावर दोन बारीक केस होते, टोकाशी जरा जाड झालेले.

"अण्णा, ह्या मिश्या?"

"दिसल्या. दिसलं ते काढलं."

हे वाक्य अर्ध्या आजऱ्यानं कान पिळून घेत ऐकलेलं होतं. जास्वंदीच्या तीनच पाकळ्या समोरून दिसत असताना पोरं पाच काढायची, आणि अण्णा म्हणायचे, दिसतं ते काढ गाढवा, माहीत असतं ते नको काढूस. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसरं काही शिकवलं की नाही याची मला शंकाच आहे.

पण पक्ष्याला मिश्या नसतात. मिश्या पाकोळीला, म्हणजे पतंगाला असतात. दिवसाउजेडी फुलांवर भिरभिरणारा एक पतंग असतो, सोंड चोचीसारखी लांब, त्याला बघून भलेभले फसतात. आणि हमिंगबर्ड तर हिंदुस्थानात मुळी नाहीच. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मी अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. सासूबाई गेल्यापासून पाच वर्षांत इतका उजेड त्या तोंडावर मी पाहिला नव्हता.

"सुंदर आलंय," मी म्हणाले आणि कणीक मळायला परत गेले. त्या दोन शब्दांनी मला पुढं तीन महिने सुखानं जेवू दिलं नाही.

त्या चित्रामागची गोष्ट सांगायला हवी. माझे मोठे दीर अरविंदभाऊजी कॅलिफोर्नियात. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. पाच मिनिटं भाऊजी बोलायचे, मग दोन मिनिटं त्यांची आठ वर्षांची जुई. जुई दीड वर्षाची असताना एकदा आजऱ्याला आली होती, म्हणजे तिच्या लेखी आलीच नव्हती. ती फोनवर मोडक्या मराठीत तिच्या खिडकीत येणाऱ्या हमिंगबर्डबद्दल सांगायची. तो किती छोटा, मागे कसा उडतो, लाल बाटलीतलं साखरपाणी कसा पितो. आणि शेवटी विचारायची, "आजोबा, तुमच्याकडे काय आहे?"

अण्णा काय सांगणार? फणस सांगून झाला, म्हैस सांगून झाली. म्हशीत तिला रस नव्हता. पाचव्या की सहाव्या रविवारी अण्णा गप्पच राहिले आणि तिकडून जुई म्हणाली, "ओके, बाय." फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ रिसीव्हर फडक्यानं पुसत बसले होते. तो मळला होता असं नव्हे.

चित्र झालं त्याच्या पुढच्या रविवारी अण्णांनी फोनमध्ये जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "जुई, आमच्याकडं पण हमिंगबर्ड येतो! चित्र पाठवतोय तुला!"

त्यांनी चित्राची स्वच्छ प्रत काढली, पाकिटात घातली, आणि पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं. पोस्टात मीच टाकलं. दसऱ्याच्या आधी भाऊजींचा फोन आला. त्यांचा सूर वैतागाचा होता. "अण्णा, काय सांगून ठेवलंत तिला? हट्ट धरून बसली आहे, इंडियातला हमिंगबर्ड बघायचा. दिवाळीत येतोय आम्ही दोघं. दहा दिवस."

अण्णांनी फोन ठेवला, टोपी घातली आणि कुणालाही काही न सांगता चालत सुटले. संध्याकाळी आले ते सदाफुलीची बारा रोपं घेऊन.

आता तरी सांगायला हवं, असं मी रोज घोकायची. माझे यजमान, प्रमोद, साखर कारखान्यात पाळीवर असायचे. ते म्हणाले, "तू सांगितलंस तर ते फोन करून जुईला सांगतील. मग दादा तिकिटं रद्द करेल. बघ बाई." तरी मी दोनदा विषय काढला. एकदा म्हटलं, "अण्णा, हमिंगबर्ड अमेरिकेबाहेर नसतात असं मी वाचलं होतं." अण्णा म्हणाले, "चहा टाकतेस का?" दुसऱ्यांदा मी माझं जुनं पुस्तकच उघडून पुढ्यात ठेवलं. त्यांनी त्यातलं झुरळाचं चित्र बघून "पाय चुकलेत" एवढंच मत दिलं आणि रोपांना पाणी घालायला गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाही. किती भोळा, असंही वाटलं.

जुई आली. सडपातळ, दाट भुवयांची, थेट सासूबाईंचं नाक घेऊन आलेली. बॅग उघडून तिनं पहिली वस्तू काढली ती पिशवीत गुंडाळलेली लाल प्लॅस्टिकची बाटली, खाली फुलांच्या आकाराची चार भोकं असलेली.

"आजोबा, हे तुमच्या हमिंगबर्डसाठी. एक भाग साखर, चार भाग पाणी."

अण्णांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. मी तिथून उठून उगाच पाणी आणायला गेले.

दुसरी वस्तू होती वही. शाळा बुडवून आल्याबद्दल तिच्या बाईंनी तिला काम दिलं होतं: एक दुर्मीळ प्राणी, एक अगदी नेहमीचा, दोघांची तुलना करा. वहीत मधोमध रेघ मारलेली. उजवीकडे तिनं आधीच लिहिलं होतं, हमिंगबर्ड.

"पण तुझ्याकडं तो रोज येतो ना?" मी विचारलं.

"आमच्याकडे कॉमन आहे, काकू. इंडियात रेअर. व्हेरी, व्हेरी रेअर." तिनं अण्णांकडे अभिमानानं पाहिलं. "आजोबांनाच फक्त दिसला."

"आणि डावीकडं कोण?"

"माहीत नाही. कुणीतरी बोअरिंग."

तो बोअरिंग प्राणी तिला त्याच संध्याकाळी भेटला. मोरीत पाय धुवायला गेली आणि किंचाळत बाहेर आली. मी धावले. हंड्यामागून आमचा मुकादम निघाला होता. पुस्तकात त्याला भेक म्हणतात, बाकी सगळे बेडूकच म्हणतात. मुठीएवढा, मातकट, अंगभर फोड, आणि चेहऱ्यावर कामगारांची हजेरी घ्यायला आल्यासारखा भाव. दिवेलागणीला तो मोरीतून निघायचा, एक एक पायरी उतरायचा आणि मागच्या दिव्याखाली येऊन बसायचा. थंडीचे महिने सोडले तर त्यात कधी खंड नव्हता. नाव सासूबाईंनी ठेवलेलं.

"तो चावतो?"

"दात नाहीत त्याला."

"अंगावर काय झालंय?"

"काही नाही. असाच असतो. आमच्याकडं हा अगदी कॉमन."

जुई दोन पायऱ्या वर उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. मुकादमनं एक किडा गिळला. गिळताना त्याचे डोळे मिटले, आत गेले आणि परत वर आले. जुईनं वही आणली आणि डाव्या बाजूला लिहिलं, भेक. खाली लिहिलं, डोळ्यांनी गिळतो.

त्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते त्या वहीवरूनच सांगते. डावी बाजू भरत गेली. घड्याळ घेऊन जुईनं त्याच्या गळ्याची धडधड मोजली. त्याची उडी मोजली, ती फुटपट्टीत मावली. वजन करायचं म्हणाली तेव्हा मी शेजारच्या हौसाक्काला हाक मारली. ती बाजारात भाजी विकायची, तिची तागडी होती. मी मुकादमला उचलून पारड्यात ठेवलं, दुसरीकडे पन्नास ग्रॅमचं माप आणि वर दोन सुपाऱ्या. काटा बरोबर आला तेवढ्यात मुकादम पारड्यात मुतला.

"अगं बया!" हौसाक्का ओरडली. "पंचवीस वर्सं भाजी इकली, बेडूक पैल्यांदाच तोलला. आन् त्यानं पण काय दान दिलं बघा!"

जुई हसून हसून पायरीवर आडवी झाली. अण्णाही हसले. पण नजर त्यांची बाटलीवर होती.

कारण उजवी बाजू कोरी होती. बाटली आम्ही मागच्या दारावरच्या आकड्याला टांगली होती, खाली सदाफुलीच्या कुंड्या. रोज पहाटे आणि संध्याकाळी जुई आणि अण्णा शेजारी शेजारी बसायचे, हलायचे नाहीत. पाकोळीसुद्धा येईना. बाटलीकडे आल्या त्या फक्त मुंग्या. भिंतीवरून रांग लावून यायच्या, साखरपाण्यात चिकटायच्या, टपाटप खाली पडायच्या. ही गोष्ट मुकादमच्या बरोबर लक्षात आली. दिव्याखालची जागा सोडून तो बाटलीखालच्या कुंडीशी मुक्कामाला आला. अमेरिकेची बाटली, हमिंगबर्डची साखर, आणि गलेलठ्ठ होत होता आमचा बेडूक.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी चकल्या तळत होते आणि अरविंदभाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"शालन, तू तर झूऑलॉजी केलं आहेस. इंडियात हमिंगबर्ड नसतो, बरोबर?"

मी झारा खाली ठेवला. "नसतो."

"म्हणजे अण्णा थापा मारतात."

"थापा नाही हो भाऊजी. त्यांना खरंच तसं वाटतंय. पाकोळी बघितली त्यांनी."

"ते आणखी वाईट. तिकडे जाऊन ती वर्गात हे वाचून दाखवणार, आणि सगळे तिला हसणार. मी भाऊबीजेनंतर तिला खरं सांगून टाकतो."

"आणि अण्णांना?"

त्यांनी ताटातली एक चकली उचलून परत ठेवली. मग म्हणाले, "त्यांना पण."

"परत जाईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "विमानात सांगा. तिकडं गेल्यावर सांगा. इथं नको. ती त्यांच्याकडं कशी बघते ते बघितलंत ना तुम्ही? परत तसं बघेल का ती?"

"शालन, असं किती दिवस चालणार?" भाऊजी म्हणाले आणि बाहेर गेले. माझ्या चकल्या काळ्या झाल्या.

पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही मागच्या पायऱ्यांवर पणत्या लावत होतो. अण्णा वरच्या पायरीवर, जुई त्यांच्या गुडघ्याला टेकून, मी तेल घालत. आभाळ अजून जांभळं होतं. मुकादम कुंडीशी बसला होता, जुईनं त्याच्यासाठी वेगळी पणती लांब ठेवली होती.

आधी आवाज आला. बारीक घुंई. जुईनं अण्णांचा हात धरला.

पाकोळी सदाफुलीपुढे आली आणि हवेत थांबली. मी शिकले होते ते सगळं खरं, तरी सांगते, त्या क्षणी मलाही ती पक्षीच वाटली. एका फुलापुढे थांबायची, सोंड घालायची, सरकन मागे यायची, दुसऱ्या फुलापुढे थांबायची. पंख दिसतच नव्हते. जुईचं तोंड उघडं होतं.

"आजोबा," ती कुजबुजली. "तो आला."

मी तेलाची वाटी धरून तशीच उभी. मनात पाकोळीला म्हटलं, आता ऊड, वर जा, अंधार होऊ दे. बघून झालं जुईचं. आता जा.

ती वर गेली नाही. सगळ्यात खालच्या फांदीवर एक फूल होतं, कुंडीच्या काठावर वाकलेलं. त्याच्यापुढे ती येऊन थांबली. मुकादमनं मान जराशी पुढे केली. पुढचं दिसलंच नाही, नुसता पच्चकन आवाज झाला आणि फूल हलत राहिलं. मुकादमच्या तोंडातून एक पंख बाहेर आला होता. त्यानं पुढच्या पायानं तो आत ढकलायला घेतला, जमेना. डोळे मिटले, आत गेले, वर आले. पंख तुटून पायरीवर पडला.

"त्यानं खाल्ला!" जुई किंचाळली. "मुकादमनं हमिंगबर्ड खाल्ला!"

ती रडत खाली धावली. भाऊजी आतून पळत आले. कुंपणापलीकडून हौसाक्कानं मुंडकं वर काढलं. जुईनं पायरीवरचा पंख उचलला, तळहातावर घेतला, पणतीपाशी धरला. तिचं रडणं हळूहळू थांबलं. तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं.

"याला पिसं नाहीत," ती म्हणाली. "पावडर आहे."

"पाकुळी हाय ती, बाळा," हौसाक्का पलीकडून म्हणाली. "खंडीभर येत्यात." मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण सांगून झालं होतं.

जुईनं अण्णांकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. मी पटकन म्हणाले, "अगं, आजोबांना तसंच दिसलं. इतकी लहान असते ना, कुणीही फसेल..."

"शालन, थांब," अण्णा म्हणाले.

ते उठून आत गेले. खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चित्र होतं, मी पहिल्या दिवशी पाहिलेलं.

"तुझ्या वहीतलं आण," ते जुईला म्हणाले.

जुईनं वहीत घडी घालून ठेवलेलं चित्र आणलं. अण्णांनी दोन्ही कागद पायरीवर शेजारी ठेवले. एकाच हातानं काढलेली एकसारखी चित्रं. फरक एकच. जुईच्या चित्रात मिश्या नव्हत्या.

जुईनं तिचा कागद उचलून पणतीसमोर धरला. उजेड पलीकडून आला तसे डोक्यावर दोन बारीक चर दिसले. पेन्सिल दाबून काढलेलं खोडलं की कागदावर राहतात तसे.

"इथे होत्या," ती म्हणाली. "तुम्ही इरेज केल्या."

"खोडल्या," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला पक्षीच वाटला. खरंच वाटला. पण काढायला बसलो आणि मिश्या दिसल्या. मग कळलं काय आहे ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या तुझ्या काकूलाही कळलं होतं. चित्र बघताना मी तिचं तोंड बघत होतो. ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं वाटायचं. आणि बोलायला लागली की भीती वाटायची."

मला पुस्तक आठवलं, झुरळाचे चुकलेले पाय आठवले. भोळी मीच होते.

"तुला पाठवायची प्रत काढली, आणि मिश्या खोडल्या," अण्णा म्हणाले. "जन्मभर पोरांना सांगत आलो, दिसतं ते काढा. हे एकच चित्र मी खोटं काढलं."

"का?" जुईनं विचारलं.

"तू यावीस म्हणून."

अण्णा हे इतकं सरळ म्हणाले की मला तेलाची वाटी खाली ठेवावी लागली. दारातले भाऊजी दुसरीकडे बघायला लागले. मग ते उंबरा ओलांडून आले आणि अण्णांच्या खालच्या पायरीवर बसले. आल्यापासून सहा दिवसांत ते त्या पायरीवर एकदाही बसले नव्हते.

जुई विचार करत होती. तिच्या भुवया एकमेकींना चिकटल्या होत्या. मग तिनं वहीतून पेन्सिल काढली आणि अण्णांपुढे धरली.

"परत काढा."

अण्णांनी पेन्सिल घेतली. जुन्याच चरांतून त्यांनी दोन मिश्या ओढल्या, टोकाशी जरा जाड. जुईनं चित्र परत पणतीसमोर धरून तपासलं आणि वहीत ठेवलं.

"आजोबा, मुकादमच्या पोटात दुखणार नाही ना?"

"नाही," अण्णा म्हणाले, आणि मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले.

डिसेंबरात जुईनं त्या कामाची झेरॉक्स पाठवली. अण्णांनी ती कॉटवरच्या भिंतीला लावली. उजव्या बाजूला चित्र, मिश्यांसकट. इंग्रजीतलं बाकी सगळं मी अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. हमिंगबर्डचं वजन एका नाण्याएवढं. भेकाचं वजन पन्नास ग्रॅम आणि दोन सुपाऱ्या. हमिंगबर्डचं हृदय मिनिटाला हजारदा धडधडतं. भेकाचा गळा मी मोजला, तो मध्येच थांबतो आणि मला बघतो. शेवटी लिहिलं होतं, आजोबांच्या घरी हमिंगबर्ड येत नाही. भेक येतो. आमच्या घरी भेक येत नाही. म्हणून माझ्यासाठी दुर्मीळ तोच आहे. बाईंनी लाल शाईनं तिथे बरोबरची खूण केली होती.

त्यानंतर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आजोबा, मुकादम आला?" आणि अण्णा जे असेल ते सांगायचे. थंडीत सलग दहा रविवार त्यांनी सांगितलं, "नाही गं. मातीत झोपलाय. नाही आला." आला तेव्हा ते फोनची वाट न बघता पोस्टकार्ड लिहून मोकळे झाले.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला जुईचं आणि भाऊजींचं येणं जमलं नाही, आणि डिसेंबरात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. भाऊजी एकटेच आले. तेरावा झाल्यावर निघताना अंगणात थांबून म्हणाले, "बघू आता, कधी येणं होतंय." मोटार वळेपर्यंत मी उभी होते. अण्णा होते म्हणून ते यायचे. माझ्यासाठी कोण येणार होतं? मला मूल नव्हतं. त्या दहा दिवसांत जुई माझ्या ताटात जेवली होती, माझ्या कुशीत झोपली होती. हे मी कुणाला बोलले नव्हते. आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

रविवारी फोन वाजला. मीच उचलला.

"काकू?" जुईचा आवाज बारीक झाला होता. अण्णांविषयी ती काही बोलली नाही. तिला जमत नव्हतं, मलाही. मग तिनं विचारलं, "मुकादम आला?"

"आला की," मी म्हणाले. "रोज येतो. कालच बाटलीखाली बसला होता. तुझी वाट बघतोय."

फोन तुटला असं वाटलं मला.

"काकू," ती म्हणाली. "तू मिश्या खोडल्यास."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"डिसेंबरमध्ये तो मातीत असतो. आजोबा मला दहा संडे सांगत होते, नाही आला, नाही आला. तू असं का सांगितलंस?"

उत्तर दुसरं नव्हतंच. "तू यावीस म्हणून," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरलं नाही. अण्णा गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले ते असं, भिंतीला टेकून, फोनवर, एका नऊ वर्षांच्या पोरीसमोर.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "मी येणार आहे, काकू. बाबांना मी सांगितलंय, समरमध्ये. मुकादम आला तर कळव." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही आला तरी कळव. मी येणारच आहे."

फोन ठेवून मी मागच्या दारी गेले. पायरी रिकामी होती. बाटली तळाशी काळी पडली होती. मी ती आकड्यावरून काढली, घासून धुतली, एक भाग साखर आणि चार भाग पाणी भरलं आणि परत टांगली.